तिला सांग

इंग्रजी बोलायला शिकवण्याचा माझा वर्ग रामघाटाच्या वरच्या गल्लीत, आमच्याच घराच्या तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत भरतो. बावीस वर्षं झाली. बाहेर पाटी नाही. दर दोन महिन्यांनी नवी तुकडी येते आणि तिला पहिल्या दिवशी मी सर्वनामं शिकवते. क्रियापदांच्या आधी, गुड मॉर्निंगच्याही आधी. कोण बोलतंय, कोणाशी बोलतंय आणि कोणाबद्दल बोलतंय, एवढं माणसाला सांगता आलं पाहिजे. बाकीचं मागाहून जमतं.

बनारसच्या माणसाला हे शिकवणं सोपं नाही. इथे जो तो स्वतःला 'हम' म्हणतो. घरात मराठी बोलणारी आमची पोरंसुद्धा 'आम्ही आलो' म्हणत एकेकटी दारातून आत शिरतात. लग्न होऊन मी नागपूरहून इथे आले तेव्हा दोनदा दाराबाहेर डोकावून पाहिलं होतं, बाकीचे कुठे राहिले म्हणून. अशा माणसाला 'आय' म्हणायला सांगितलं, की तो चारचौघांत सदरा काढायला सांगितल्यासारखा कावराबावरा होतो.

"वी ॲम गोइंग टू मार्केट."

"कौन-कौन?"

"हम अकेले, मैडम."

मी हसू देते. वर्गातलं हसू हे माझं हत्यार आहे आणि मी ते बेतानं वगैरे वापरत नाही. पाठशाळेत वेद शिकलेला एक तरुण परदेशातल्या देवळात पुजारी म्हणून जायचा होता. तो उभा राहून म्हणाला, "माय गुरुजी, दे आर ईटिंग." मी विचारलं, गुरुजी किती? एकच, म्हणाला. मग 'दे' कशाला, जेवता जेवता गुरुजी फुटून दोन झाले का? सगळा वर्ग फिदीफिदी हसला. तो दोन दिवस आला नाही, तिसऱ्या दिवशी आला आणि त्यानंतर पुरता महिना त्यानं गुरुजींबद्दल एकही वाक्य बोललं नाही. पुढे विद्यापीठातल्या एका मुलीनं मला विचारलं, की हल्ली एका माणसालाही 'दे' म्हणतात ना? म्हणतात. माणूस कोण ते ठाऊक नसेल तर पूर्वीपासून म्हणतात, आणि कोणी आपल्याला तसंच म्हणा असं सांगितलं तर आता म्हणायचं असतं. मी हे तिला नीट समजावलं. त्या तरुणाला कळवलं नाही. तो तोवर विमानात बसून गेला होता.

'यू' शिकवायचा दिवस मला सगळ्यात आवडतो. आप, तुम, तू, आपण, अहो, अगं, या सगळ्यांच्या जागी एकच शब्द.

"मतलब पिताजी को भी यू और कुत्ते को भी यू?"

"हाँ."

"और भगवान को?"

"उनको भी."

मुलं वहीत लिहून घेतात, आणि मग पडद्यामागून आवाज येतो, "भिकार भाषा." म्हणजे यायचा.

पडद्यामागे माझ्या सासूबाई असत. पुढची खोली आणि मधली खोली यांच्यामध्ये दार नाही, कमान आहे. वर्ग सुरू केला तेव्हा मी तिथे जाड पडदा लावला. त्यामागे त्या दुपारभर वाती वळत बसायच्या, थंडीत मटार सोलायच्या. मी पहिल्या दिवशी 'ही' आणि 'शी' फळ्यावर लिहिलं, की त्या न चुकता म्हणायच्या, "बाप्याला ही म्हणतात आणि बाईला शी. आणि हे शिकायला लोक लांबून येतात." मुलं हसायची. त्यांच्या हसण्यावर मात्र माझा ताबा नसे.

आता मुख्य गोष्ट. सासूबाई माझ्याशी कधी बोलल्या नाहीत. अबोला म्हणता येणार नाही. त्या दिवसभर मला सूचना द्यायच्या, फक्त मला उद्देशून नाही. मी सासरी आल्याच्या दुसऱ्या सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्या माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "तिला सांग, देवाच्या भांड्यांना हात लावायचा नाही." आमच्या दोघींत दोन हातांचं अंतर होतं. माझा नवरा माझ्याकडे वळून म्हणाला, "देवाच्या भांड्यांना हात लावू नकोस." तो विद्यापीठाच्या कचेरीत कामाला. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेण्याची त्याला सवय आहे.

त्यांना दुसरी मुलगी हवी होती, इथलीच, संकठा घाटाकडच्या एका घरातली. मुलगा नागपूरला मावशीकडे गेला आणि मला पसंत करून आला. एवढंच कारण. एवढ्याशा कारणावर त्या सत्तावीस वर्षं टिकल्या, ही काही साधी गोष्ट नव्हे.

नवरा घरात नसला तर? तर "कुणीतरी." "कुणीतरी गॅस बंद करील का?" "कुणाला तरी मिठाचा हात आवरत नाही." घरात आम्ही दोघीच असायचो. मला मुलगी झाली तेव्हा बाळाला मांडीवर घेऊन त्या बाळाला म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, दूध कमी पडतंय." आठ दिवसांच्या पोरीला. तेव्हा मी रडले होते. तेवढंच. पोर मोठी झाली, बंगळुरूला नोकरीला लागली. निरोप पोचवायला ती कधीच तयार झाली नाही. "आजी, आई इथेच आहे, तिलाच सांग," म्हणायची. त्यावर सासूबाई भिंतीला सांगायच्या.

म्हणून माझ्या वर्गात एक नियम आहे, आणि तो व्याकरणाच्या पुस्तकात नसतो. समोर हजर असलेल्या माणसाला 'शी' किंवा 'ही' म्हणायचं नाही. नाव घ्या, नाहीतर 'यू' म्हणा. इंग्रजांत तो उद्धटपणा समजतात. ज्यानं नियम मोडला त्याला मी गल्लीकडच्या खिडकीशी उभं करून तेच वाक्य दहा वेळा सुधारून मोठ्यानं म्हणायला लावते. जाणारे-येणारे थांबून ऐकतात. एका पुजाऱ्याची बायको यायची, घरी यात्रेकरूंना खोल्या देतात म्हणून शिकायला. ती नवऱ्याबद्दल नुसतं 'ही' म्हणायची. ही इज नॉट ॲट होम. ही विल कम. मी विचारलं, कोण ही? आधी नाम, मग सर्वनाम. नाव सांग. तिनं मान खाली घातली. त्यांच्यात अजून नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी तिला खिडकीशी उभं केलं. ती पाच मिनिटं तिथे गप्प उभी राहिली. पडद्यामागून सासूबाई म्हणाल्या, "सोड तिला." एक क्षण मला वाटलं, मलाच म्हणाल्या. पण त्या समोरच्या मांजराला म्हणाल्या होत्या. त्याच्या तोंडात चिमणी होती.

अकरा वर्षांपूर्वी सासरे गेले. तेरावा झाल्यावर सासूबाईंनी घाटावर जाऊन, हातात गंगेचं पाणी घेऊन क्षेत्रसंन्यास घेतला. ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते: यात घरदार सुटत नाही, भगवं नेसावं लागत नाही. फक्त काशीची वेस ओलांडायची नाही, मरेपर्यंत. त्यांची वेस उत्तरेला वरुणा आणि दक्षिणेला असी. इथे मेलं की सुटका, अशी त्यांची श्रद्धा, आणि मरण बेसावध गाठेल तेव्हा आपण वेशीबाहेर असायला नको, एवढा साधा हिशेब.

तो त्यांनी कसोशीनं पाळला. ग्वाल्हेरला भाऊ गेला, त्या गेल्या नाहीत. पुण्याला धाकट्या मुलाच्या मुलीचं लग्न झालं, ते त्यांनी फोनवर पाहिलं आणि फोनच्याच पडद्यावर अक्षता टाकल्या. नावेत बसल्या तरी नाववाल्याला बजावायच्या, "भैया, इसी किनारे-किनारे." गेल्या वर्षी न्हाणीघरात पडून खुबा मोडला. मोठं इस्पितळ असीच्या पलीकडे आहे. त्या गेल्या नाहीत. वेशीच्या आतल्या लहान दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली. हाड जुळलं, पण ऐंशीच्या घरातलं शरीर पुन्हा उभं राहिलं नाही.

मग त्यांना दिवसातून चार-पाच वेळा उठवणं, बसवणं, स्वच्छ करणं आलं. कामाला बाई ठेवली की आठ दिवसांत त्या तिला पळवून लावायच्या. तेव्हा ते माझ्याकडे आलं. त्यांच्या काखेत हात घालून मी त्यांना उचलायची तेव्हा त्यांचा गाल माझ्या गालाला लागायचा आणि त्या माझ्या कानाशी म्हणायच्या, "कुणीतरी हळू उचला."

माझी पाठ धरली. डॉक्टरनं वजन उचलू नका म्हणून सांगितलं. हे मी सगळ्यांना सांगितलेलं कारण, आणि ते खोटं नाही. पण चोपन्नाव्या वर्षी मला असंही वाटलं, की ज्या घरात माझ्यासमोर माझ्याबद्दल दुसऱ्याशी बोललं जाणार नाही, अशा घरात काही वर्षं तरी काढावीत. पुण्याला माझ्या दिराचा फ्लॅट आठव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, बायको आहे, दिवसरात्रीच्या आया मिळतात. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "वहिनी, मी कधीचा म्हणतोय. पण आई वेस कशी ओलांडणार?"

"ते मी बघते," मी म्हटलं.

आमचं बोलणं दुपारी व्हायचं, स्पीकरवर, नवऱ्यालाही ऐकू यावं म्हणून, आणि इंग्रजीत, सासूबाईंना कळू नये म्हणून. तिथे मला एक नवीनच सुख सापडलं. मराठीत मी त्यांना 'त्या' म्हणते. आता लिहितानाही म्हणते आहे, सवय आहे. इंग्रजीत मी त्यांना पहिल्यांदा 'शी' म्हटलं तेव्हा कोणाच्या तरी बुडाखालची खुर्ची ओढून घेतल्यासारखं वाटलं. आदर काढायला कष्ट पडले नाहीत. भाषाच तशी. आणि त्या तीन हातांवर पलंगावर पडलेल्या होत्या.

"शी विल नॉट अग्री," मी म्हणाले.

"देन डोन्ट आस्क हर," दीर म्हणाला.

"वी विल टेल हर समथिंग."

"अँड हर व्हाऊ?" त्यानं नेमाबद्दल विचारलं.

"दॅट्स हर व्हाऊ. नॉट अवर्स."

दीर हसला. माझा नवरा पंख्याकडे बघत होता. आणि पलंगावरून सासूबाई त्याला म्हणाल्या, "तिला सांग, 'शी' म्हणजे मी, एवढं मला कळतं."

फोनमधलं दिराचं हसू मध्येच तुटलं.

"बावीस वर्षं ऐकते आहे. पहिला धडा माझा पाठ आहे. पुढचे येत नाहीत, पुढे ती मुलांना पुटपुटायला लावते. 'शी' मी. 'हर' म्हणजे मला, माझं. 'वी' तुम्ही तिघं. नाव कुणाचं घेत नाही, म्हणजे मी समोर असताना माझ्याबद्दल बोलताहेत. तिच्याच वर्गात त्याला खिडकीशी उभं करतात. फक्त मधलं कळत नाही. मधलं काय आहे?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. "मधलं काय आहे, विचारतेय."

"औषधांचं," मी म्हटलं.

"औषधांचं," त्यानं त्यांना सांगितलं.

त्यांनी विश्वास ठेवला नाही, पण पुढे विचारायला त्यांच्याकडे शब्द नव्हते. मधलं त्यांना येत नव्हतं. दीर नंतर मला म्हणाला, आता काय करायचं, लिहून कळवत जाऊ का? मी म्हटलं, त्याची गरज नाही. 'शी' कळते ना, मग 'शी' काढून टाकू. उद्यापासून 'इट.'

इट हे निर्जीव वस्तूसाठी, जनावरासाठी, आणि मुलगा की मुलगी ठाऊक नसेल तर तान्ह्या बाळासाठी. मोठ्या माणसाला इट म्हणायचं नाही, म्हटलं तर ती शिवी होते. हे मी बावीस वर्षं शिकवत आले. दुसऱ्या दिवशी मी दिराला सांगितलं, इट नीड्स टू मेन ऑन द स्टेप्स. फ्रायडे मॉर्निंग वी विल मूव्ह इट.

"इज इट हेवी?" दिरानं विचारलं. त्याला मजा वाटू लागली होती.

"नॉट हेवी. बट इट मेक्स अ लॉट ऑफ नॉइज."

तो खो-खो हसला. मीही हसले. खोटं कशाला सांगू? बऱ्याच वर्षांनी त्या खोलीत मी मोकळेपणानं हसले.

संध्याकाळी त्यांनी मुलाला जवळ बोलावलं. "'इट' म्हणजे वस्तू ना रे? घरातल्या कुठल्या वस्तूबद्दल बोलताहेत?"

माझा नवरा खोटं बोलण्यात कच्चा आहे. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि समोर जे दिसलं ते सांगितलं. "फ्रिज."

"फ्रिज? का?"

"विकतोय. जुना झाला. आवाज करतो."

"आवाज करतो म्हणून विकायचा?" त्या उशीवरून डोकं उचलून म्हणाल्या. "तिला सांग, दार नीट लावत जा म्हणावं. रबर पुसत जा. मग नाही आवाज करत."

पुढचे चार दिवस सासूबाई फ्रिजसाठी भांडल्या. मी स्वयंपाकघरात भाकरी थापायची आणि पलंगावरून वकिली चालू असायची. इतका जुना माल हल्ली मिळत नाही. नवीन घेतला तर दोन वर्षांत बिघडतो. पाण्याला चव त्यातच येते. चालत्या वस्तूला घराबाहेर काढायला निघालेत, एवढा काय त्रास देतो तो कोपऱ्यात उभा राहून? नवरा मध्येच उठून घाटावर निघून जायचा. गुरुवारी रात्रीच्या जेवणाच्या वेळी त्यांनी मला ऐकू जाईल अशा बेतानं मांजराला सांगितलं, "माझं दूध बाहेर ठेवलं तरी चालेल. नासलं तर नासलं. पण फ्रिज राहू दे म्हणावं."

मी त्यांचं सामान बांधत होते. दोन लुगडी, स्वेटर, जपाची माळ, गंगेच्या पाण्याचा तांब्या. तांब्याचं तोंड मी मेणानं घट्ट बंद केलं, विमानात सांडू नये म्हणून.

शुक्रवारी सकाळी आठला माझी तुकडी असते. मी ती रद्द केली नाही. घरातून कोणीतरी बाहेर जातंय म्हणून वर्ग बुडवायची पद्धत मला मान्य नाही. शिवाय वर्गासमोर त्या तमाशा करणार नाहीत, असा माझा अंदाज होता. चारचौघांत त्या फार जपून वागायच्या.

माणसं आली तेव्हा मुलं जमली होती. आमच्या गल्लीत पायऱ्या आहेत, गाडी येत नाही. चालता न येणाऱ्याला खुर्चीत बसवून दोघं जण मैदागिनच्या रस्त्यापर्यंत उचलून नेतात. हेच ज्यांचं काम, असे लोक आहेत. दोघं पडदा सारून आत गेले. सासूबाईंनी त्यांना हातानं स्वयंपाकघराची दिशा दाखवली. "उधर है. सँभाल के निकालना, पाया टूटा है उसका."

"क्या, माताजी?"

"फ्रिज."

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्यातल्या थोरल्यानं खुर्ची पलंगाशी ठेवली आणि म्हणाला, "हमको तो आपको ले जाने को बोला है."

मी कमानीत उभी होते. एक हात पडद्यावर, एका बाजूला वर्ग, दुसऱ्या बाजूला त्या. मला वाटलं होतं, त्या ओरडतील किंवा छातीवर हात मारून घेतील. त्यांनी काही केलं नाही. स्वयंपाकघराकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या बॅगेकडे पाहिलं. चार दिवसांचं सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक करून गेलं, तेही मला दिसलं. माणसांनी उचललं तेव्हा विरोध केला नाही. खुर्ची पुढच्या खोलीतूनच न्यावी लागते, दुसरा रस्ता नाही. मुलं उठून उभी राहिली, भिंतीला चिकटली. खुर्ची माझ्यासमोर आली तेव्हा सासूबाईंनी माझ्या पदराचं टोक धरलं.

"तू मला नेऊ नकोस," त्या म्हणाल्या.

माणसं थांबली.

"अगं, तू ऐक माझं. मी कोपऱ्यात पडून राहीन. तुझ्या वर्गाला माझा आवाज येणार नाही. बाई ठेव, मी तिला काही बोलणार नाही. वरुणेच्या पलीकडे तेवढं नेऊ नकोस मला."

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्याशी बोलल्या. एका दमात दोनदा तू, एकदा तुझ्या, आणि वर अगं. मी त्याची कितीदा तरी वाट पाहिली होती, वेगवेगळ्या प्रसंगी. पोर झाली तेव्हा, सासरे गेले तेव्हा, मी त्यांना उचलत होते तेव्हा. आणि आता आलं ते काम घेऊन आलं. मला त्यांचा राग आला. इतकी वर्षं हे त्यांच्या तोंडात होतं आणि त्यांनी ते जपून ठेवलं, गरज पडेल तेव्हा काढायला.

मी पदर सोडवून घेतला. नवरा दाराशी बॅग घेऊन उभा होता. त्याला म्हटलं, "त्यांना सांगा, गाडी मैदागिनला थांबली आहे. उशीर होतोय."

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं निरोप पोचवला नाही. पोचवायची गरजही नव्हती.

सासूबाईंनी हात मांडीवर घेतला. माणसांनी खुर्ची उचलली. त्या दाराबाहेर जात असताना पुजाऱ्याची बायको हळूच म्हणाली, "मैडम, व्हेअर इज शी गोइंग?"

"समोर असलेल्या माणसाला शी म्हणायचं नाही," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग न सांगता उठली, खिडकीशी जाऊन उभी राहिली. वाक्य सुधारून म्हटलं नाही तिनं. नुसती बाहेर बघत होती, खुर्ची गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत. मग पिशवी घेऊन घरी गेली आणि पुन्हा वर्गाला आली नाही. बाकीच्यांचा धडा मी पूर्ण घेतला.

नवरा तीन दिवसांनी पुण्याहून परत आला. आंघोळ करून जेवायला बसला आणि स्वतःहून सांगू लागला, जे तो सहसा करत नाही. गाडी चौकाघाटाकडे निघाल्यावर आईनं डोळे मिटून घेतले आणि विचारलं, वरुणा आली का? तेव्हा पूल समोर दिसत होता. तो म्हणाला, नाही अजून. पूल ओलांडला. पुन्हा विचारलं, आली का? नाही अजून. बाबतपूरला विमानतळापर्यंत त्या मिटल्या डोळ्यांनी विचारत राहिल्या आणि तो नाही अजून म्हणत राहिला. विमानात बसवल्यावर त्यांनी विचारणं बंद केलं.

"त्यांना कळलं असेल," मी म्हटलं.

"कळलंच असेल," तो म्हणाला. "भात वाढ."

याला आता सात महिने झाले. मधल्या खोलीत मी बाकं टाकली, पडदा काढला, संध्याकाळची तुकडी तिथे बसते. माझी पाठ बरी आहे. पुण्याला त्यांची तब्येत, दीर सांगतो, इथल्यापेक्षा चांगली आहे; दोन आया आहेत आणि त्या दोघींनाही त्यांनी अजून पळवलेलं नाही. हट्ट नाही, तक्रार नाही. परत न्या असं एकदाच म्हणाल्या, पहिल्या आठवड्यात. दिरानं मला विचारलं. मी पायऱ्यांचं कारण सांगितलं. त्यांचा तांब्या उशाशी आहे, मेण तसंच आहे. म्हणतात, उघडून काय करायचं, आता वेळेला तोंडात घातलं तरी त्याला अर्थ नाही.

दर रविवारी सकाळी फोनवर चेहरे दिसतात तसा फोन असतो. नवरा आधी बोलतो, मग फोन माझ्याकडे धरतो. पहिल्या रविवारी मी नमस्कार केला आणि विचारलं, "कशा आहात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी सरळ, डोळ्यांत. मग मान वळवून शेजारी बसलेल्या धाकट्या मुलाला म्हणाल्या, "तिला सांग, फ्रिज नीट पोचला."

दिराला काय करावं कळेना. तो म्हणाला, "वहिनी, आई म्हणतेय..."

"ऐकलं," मी म्हटलं.

त्यानंतर प्रत्येक रविवारी मी तेच विचारते आणि त्या तेच सांगतात, शब्दाचाही फरक नाही. मग मी फोन नवऱ्याकडे देते आणि स्वयंपाकघरात जाते. फ्रिज कोपऱ्यात आहे. रबर पुसायला लागल्यापासून तो आवाज करत नाही.